शब्दचर्चा : तान्बाची भांडी, बोतान आणि एका रात्रीचा मुक्काम

कोबेकर

नमस्कार मंडळी. कोबे-ओसाकाच्या आसपासची आम्ही काही मराठी घरं तान्बा-सासायामाला एक रात्र राहून यायच्या बेतात आहोत. एक तुकडी ऑक्टोबरात जाईल, दुसरी थंडीत. ताचिकुई नावाचं कुंभारांचं गाव आहे, तिथे चिखलात हात घालायचा, रात्री जुन्या शेतकरी घरात उतरायचं, तिथलंच जेवायचं. देशातून आलेले आईवडील बरोबर असणार, म्हणून पत्रक मराठीत हवं, आणि ते माझ्या गळ्यात पडलंय.

पहिली ठेच नावालाच लागली. सवयीने ‘तांबा-याकी’ लिहिलं, म्हणजे तान्बाची मातीची भांडी. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, “तांब्याची भांडी घ्यायला जपानात कशाला? नाशकात मिळतात की.” त्यांचं चुकलं असं कसं म्हणू?

पुढचे अडलेले शब्द : तिथल्या लांबलचक चढत्या भट्टीला आवा म्हणावं का? चाकाशिवाय हातानेच भांडं घडवतात त्या ‘तेबिनेरी’ला काय म्हणावं? ‘इप्पाकु निशोकु’ला सुटसुटीत मराठी आहे का? आणि जेवणाचं वर्णन करताना ‘स्थानिक खाद्यपदार्थांचा आस्वाद’ असं लिहिलं की माझं मलाच सरकारी वाटतं.

तळटीप

‘तान्बा’ लिहा, न चा पाय मोडून. अनुस्वाराचा आग्रह धरणारे भांडतील, भांडू द्या. परक्या नावात वाचणाऱ्याची फसगत टळत असेल तर अक्षर फोडून लिहिणंच शहाणपणाचं.

नावावरून सांगतो, पत्रकात नुसतं ‘तान्बा’ही लिहू नका. तान्बा हा जुना प्रांत, आजच्या क्योतो आणि ह्योगो या दोन्हीकडे पसरलेला. 2004 साली शेजारी तान्बा नावाचं वेगळं शहर झालं आणि सासायामाच्या लोकांची पंचाईत झाली, कारण काळं सोयाबीन, रानडुक्कर वगैरे ज्या गोष्टी ‘तान्बाच्या’ म्हणून विकायच्या, त्यांचं नावच शेजाऱ्याच्या पाटीवर गेलं. शेवटी 2018 मध्ये गावाने मतदान घेतलं आणि 1 मे 2019 पासून शहराचं अधिकृत नाव तान्बा-सासायामा झालं. नावासाठी मतदान घेणाऱ्या गावाचं नाव आपण अर्धवट लिहू नये. शिवाय तुमचे पाहुणे भलत्याच स्टेशनवर उतरतील.

‘याकी’ म्हणजे भाजलेलं. तेप्पान्याकी, याकितोरी यांतलं तेच. मातीच्या भांड्यांना सरसकट ‘याकिमोनो’ म्हणतात, भाजलेली वस्तू. मराठीला हे परकं नाही. आपणही भाकरी भाजतो आणि मडकीही भाजतोच. तेव्हा ‘तान्बाची भाजलेल्या मातीची भांडी’ असं एकदा फोडून लिहा आणि पुढे बिनधास्त ‘तान्बा-याकी’ वापरा.

खापरपणजी

आवा नको.

कारण सांगते. आवा हा शब्द फार जुना, संस्कृत आपाकापासून आलेला, आणि त्याचा अर्थ नेमका आहे. जमिनीवर गोवऱ्या, लाकूड, भुसा यांच्या थरात मडकी रचायची, वरून राख-माती-खापरांनी झाकायचं आणि पेटवायचं. त्यात उष्णता फार तर आठ-नऊशे अंशांपर्यंत जाते. म्हणून आपलं मडकं सच्छिद्र राहतं, पाझरतं, आणि पाणी गार होतं. ताचिकुईची भट्टी हे प्रकरणच वेगळं आहे. डोंगराच्या उतारावर विटामातीचा लांब बोगदा बांधलेला, खालच्या टोकाला जाळ, आणि धग चढत चढत वरच्या टोकाला बाहेर पडते. बाजूंना ठरावीक अंतरावर भोकं असतात, त्यांतून सरपण आत टाकत टाकत वर सरकायचं. साठेक तास सलग भाजणं चालतं आणि आतली उष्णता तेराशे अंशांच्या घरात जाते. त्यातून निघालेलं भांडं पाझरत नाही, टिचकी मारली तर ठण्ण वाजतं. याला आवा म्हटलं तर कोणत्याही कुंभाराला ते चुकीचं वाटेल. जपानी शब्द ‘नोबोरिगामा’, शब्दशः चढती भट्टी. तेच लिहा. वीटभट्टी, चुनाभट्टी आपल्याकडे आहेतच, भट्टीला बंदिस्तपणाचा अर्थ आपोआप आहे.

त्या गावात 1895 साली बांधलेली सत्तेचाळीस मीटर लांबीची भट्टी अजून आहे, मधे तिची डागडुजी केली आणि ती पेटवतातही. तुमच्या लोकांना ती जरूर दाखवा, दुरून बघितली तर डोंगरावर लोळणारा अजगर वाटतो.

एक गोष्ट पत्रकात हवीच. तान्बाच्या जुन्या भांड्यांवर खांद्यापाशी हिरवट, काचेसारखे ओघळ दिसतात. ते कोणी लावलेले नसतात. सरपणाची राख उडून भांड्यावर बसते, मातीतल्या लोहाबरोबर वितळते आणि तिचीच काच होते. त्याला ते ‘हाइकाबुरी’ म्हणतात, राख पांघरलेलं. मराठीत ‘राखेची झिलई’ म्हणा. हल्लीच्या स्टुडिओंत सगळे ‘ग्लेझ’च म्हणतात, पण झिलई हा चांगला, चालता शब्द आहे, तो का सोडायचा? ‘चकाकी’ मात्र नको. चकाकी ही दिसण्याची गोष्ट झाली, झिलई हा थर असतो.

भाकरतुकडा

तेबिनेरीला ‘हातवळणीची भांडी’. बघा पटतंय का. आपण लाडू वळतो, शेवया वळतो, वाती वळतो. मातीची सुरळी करून वेटोळी एकावर एक चढवतात ना? ते वळणंच झालं.

खापरपणजी

शंभर टक्के. माझ्या वर्गात यापुढे हाच शब्द. ‘मातीची वळी’ आणि ‘हातवळणीचं भांडं’. पण चाकावर बसणाऱ्यांसाठी वेगळं लिहा, तिथे वळत नाहीत, उठवतात. चाकाला तिथे ‘रोकुरो’ म्हणतात आणि ताचिकुईत ते डावीकडे फिरतं. जपानात बहुतेक ठिकाणी उजवीकडे. आधी कुठे शिकून आलेला माणूस तिथे बसला की त्याचे हात गोंधळतात.

आणि ‘मातीकामाचा अनुभव घ्या’ हे वाक्य काढून टाका. जपानीतल्या ‘ताइकेन’चं ते शब्दाला शब्द भाषांतर आहे. ‘स्वतःच्या हाताने भांडं करून बघा’ म्हटलं की झालं.

तळटीप

ठोकायच्या हत्याराला थापटणं म्हणा. गोरोबाकाकांनी संतांची डोकी ज्याने ठोकून पाहिली ते. आजीआजोबांना लगेच कळेल.

एक सावधगिरी, कोणी धारावीच्या कुंभारवाड्यात जाऊन शब्द गोळा करायला सुचवेल. तिथली बहुतेक घरं मूळची सौराष्ट्रातली. तिथे ऐकलेला प्रत्येक शब्द मराठी समजू नका.

भाकरतुकडा

आता माझा प्रांत. ‘स्थानिक’ कापा. ‘स्थानिक’ म्हटलं की मला स्थानिक स्वराज्य संस्था आठवते. जेवणाला मराठीत दोन शब्द आहेत, गावठी आणि गावरान, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. गावठी कोंबडी, गावठी अंडी, गावठी कोथिंबीर ठीक. पण ‘गावठी माणूस’ म्हटलं की शिवी, आणि नुसतं ‘गावठी’ म्हटलं की हातभट्टीची. जपानीत ‘जिझाके’ म्हणजे त्या त्या गावात केलेली साके (तांदूळ आंबवून केलेली दारू), तिचं भाषांतर कोणी ‘गावठी दारू’ करू नये म्हणून आधीच सांगतो. सासायामात साके करणारी जुनी घरं आहेत, कोबेच्या नामांकित साकेसाठी राबायला पिढ्यान् पिढ्या इथलेच कारागीर हिवाळ्यात जात आले. अशा गावाच्या साकेला गावठी म्हणणं बरं दिसणार नाही. ‘गावची साके’ लिहा.

‘क्योदो र्‍योरी’ला मात्र ‘गावाकडचं जेवण’. त्यात ‘कडचं’ महत्त्वाचं. ‘गावचं जेवण’ म्हणजे गावजेवण, मग पंगत, मग बुंदी.

आता बोतान-नाबे. नाबे म्हणजे भांडं आणि त्यात शिजलेलं कालवणही, दोन्ही. आपल्या हंडीसारखं, ‘मटण हंडी’ मागवली की हंडी कोणी खात नाही. बोतान हे एका फुलाचं नाव, थोराड, पाकळ्यांनी गच्च भरलेलं. रानडुकराच्या मांसाचे पातळ काप थाळीत गोल गोल रचतात, तांबडं मांस आत आणि पांढरी चरबी कडेला, ते त्या फुलासारखं दिसतं. मग मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या, रश्श्यात भाज्यांबरोबर शिजवतात. हरणाच्या मांसाला ‘मोमिजी’ म्हणजे लाल पानांचा मेपल, घोड्याच्या मांसाला ‘साकुरा’ म्हणजे चेरीचा बहर. चार पायांच्या जनावराचं मांस खाणं बौद्ध धर्माच्या प्रभावामुळे शतकानुशतकं निषिद्ध मानलं जायचं, खाणारे फुलापानांच्या नावाखाली खायचे. आपल्याकडे नारळ वाढवतात, बांगडी वाढवतात, कुंकू वाढतं. रात्री सापाला लांबडं म्हणतात. जे नको ते नाव टाळायचं, हा खेळ आपल्याला नवा नाही.

पण पत्रकात फुलाचं नाव एकटं सोडू नका. ‘बोतान-नाबे (रानडुकराचा मिसोतला रस्सा)’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर कोणीतरी फुलांची भाजी समजून पानात वाढून घेईल.

रानभूल

त्याहून मोठा घोळ शाकाहाराचा होतो. ‘भाज्यांचा रस्सा’, ‘शाकाहारी सूप’ असं काहीही विचारल्याशिवाय लिहू नका. वरकरणी नुसता टोफू आणि मुळा दिसतो, पण खालचं पाणी ‘दाशी’चं असतं आणि दाशी बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाच्या कापांची. यजमानाला विचारलंत की “मांस नाही ना?”, तर तो मान हलवून प्रामाणिकपणे नाही म्हणेल, कारण ‘निकु’ शब्दात मासा येत नाही. सांगताना ‘कोम्बु’ (समुद्रवनस्पती) आणि शिताके आळंबी यांचीच दाशी करा, असं नाव घेऊन सांगा. आईवडिलांसाठी पत्रकात ‘मांस-मासे-अंडी वर्ज्य असल्यास आधी कळवा’ एवढं घाला. ‘शाकाहारी’ हा शब्द आपल्याला पूर्ण वाटतो, तिथे तो अर्धाच पोचतो.

ऑक्टोबरवाल्यांना बोतानचं आमिष दाखवू नका. रानडुकराचा शिकारीचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून. ऑक्टोबरचा मान काळ्या सोयाबीनच्या ओल्या शेंगांचा. तिथलं काळं सोयाबीन, ‘कुरोमामे’, सुकवून नववर्षाला गोड शिजवतात ते जपानभर प्रसिद्ध, पण पूर्ण सुकायच्या आधी, दाणा टपोरा आणि साल किंचित जांभळी पडलेली असताना त्याच शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात. त्या मोजके आठवडेच मिळतात आणि शहरातून लोक गाड्या काढून शेतावर येतात. आपल्याकडचा हुरडा ज्याने शेतावर बसून खाल्लाय त्याला हे दोन ओळींत कळेल. पत्रकात ‘काळ्या सोयाबीनचा हुरडा’ लिहायचा मोह मला होतोय, पण तो खोटा शब्द होईल. हुरडा भाजतात आणि तो कणसाचा. ‘ओल्या शेंगा’ पुरे.

आणखी एक. ‘सातोयामा’ शब्द पत्रकात येणार असेल तर विचार करा. सातो म्हणजे गाव, यामा म्हणजे डोंगर. गावालगतची ती टेकडी जिथून सरपण आणायचं, पाचोळा खताला न्यायचा, बांबू आणि आळंबी काढायची. माणसाने वापरून वापरून राखलेलं रान. मराठीत गाव अधिक रान बरोबर गावरान! घडण तंतोतंत तीच.

भाकरतुकडा

घडण तीच, पण अर्थ हातचा गेला. आज गावरान म्हटलं की तांबडा रस्सा डोळ्यांपुढे येतो.

रानभूल

म्हणूनच हळहळ वाटते. ‘गावालगतचं राखलेलं रान’ लिहा मग. लांब आहे, पण फसवत नाही. गायरान लिहू नका, ते गुरांचं.

तळटीप

‘इप्पाकु निशोकु’ म्हणजे एक रात्र, दोन जेवणं, रात्रीचं आणि सकाळचं. जपानी घरगुती मुक्कामांचे दर बहुधा याच हिशेबात सांगतात. ‘वन नाइट टू डेज’ची सवय असलेल्या आपल्या लोकांना दुसऱ्या दिवशीचं दुपारचं जेवणही धरलेलं वाटतं, आणि मग वाद. ‘रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून’ असं लिहा. जपानी न्याहारीत भात, मिसोशिरू, मासा, लोणचं असतं. ती आपल्या हिशेबाने जेवणच, हेही सांगून ठेवा.

‘मिन्शुकु’ला कोकणातल्या पाटीवरचं मराठी तयार आहे : ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’. याहून अचूक काही सापडणार नाही.

कोबेकर

मंडळी, हात जोडतो. मसुदा असा जमलाय :

“तान्बा-सासायामा, ह्योगो. एक रात्र मुक्काम. ओसाकाहून रेल्वेने आइनो, तिथून बसने ताचिकुई. जपानच्या सहा जुन्या कुंभारकेंद्रांपैकी हे एक. 1895 सालची चढती भट्टी पाहू, राखेची झिलई कशी बसते ते समजून घेऊ, मग हातवळणीचं भांडं स्वतः करून बघू. चाकावर बसायचं असेल त्यांनी आधी सांगावं. रात्री जुन्या शेतकरी घरात घरगुती राहण्याची व जेवणाची सोय, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून. जेवण गावाकडचं : ऑक्टोबरात काळ्या सोयाबीनच्या ओल्या शेंगा, थंडीत बोतान-नाबे (रानडुकराचा मिसोतला रस्सा). मांस-मासे-अंडी वर्ज्य असल्यास आठवडाभर आधी कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी गावालगतच्या राखलेल्या रानात फेरी. केलेली भांडी त्याच दिवशी मिळणार नाहीत.”

शेवटचं वाक्य फार कोरडं झालंय का?

खापरपणजी

कोरडं नाही, अपुरं आहे. मुलं रडतील. भांडं आधी सावलीत सुकतं, मग एकदा कच्चं भाजतात, झिलई देतात, मग पक्कं भाजतात. सुकताना आणि भाजताना वीतभर उंचीचं भांडं बोटभर खाली बसतं, हेही सांगा, नाहीतर घरी आलेला पेला बघून म्हणतील बदललाय. ‘भांडी भाजून झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी टपालाने घरी येतील’ असं लिहा. आणि देशात परतणाऱ्या आजीआजोबांचा पत्ता कुठला द्यायचा ते तिथे जायच्या आधी ठरवा, तिथे अर्ज जपानीत भरावा लागतो.

तळटीप

‘एक रात्र मुक्काम’ काढून ‘मुक्कामी सहल’ करा. एसटीची मुक्कामी गाडी ज्यांना माहीत आहे त्यांना रात्र वेगळी मोजून दाखवायला नको.

कोबेकर

केलं. न्याहारीत मासा असतो हे सासूबाईंना आत्ताच सांगितलं. त्यांनी थालीपिठाची भाजणी बॅगेत भरायला घेतली आहे.