मदत हवी आहे: वॉर्डातून आयसीयूत जायचंय, मंगळवारी मुलाखत. चार दिवसांत काय पक्कं करू?

गडहिंग्लजची_सिस्टर
जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालंय, दोन वर्षं मेडिकल वॉर्डला आहे. मंगळवारी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात आयसीयू स्टाफसाठी मुलाखत आहे. आधी मेट्रन (मुख्य सिस्टर) आणि आयसीयूचे डॉक्टर बसणार, मग बेडसाइडला नेऊन विचारणार, असं फोनवर सांगितलं. व्हेंटिलेटरचा पेशंट एकटीनं सांभाळलेला नाही. पुस्तक उघडलं की सगळंच महत्त्वाचं वाटतंय. नेमकं काय करू? आणि इंग्रजीत अडखळते, त्याचं काय?

नाईट_ड्युटी
ताई, व्हेंटिलेटरचे सगळे मोड पाठ करायच्या नादाला लागू नका. वॉर्डातून आलेल्या सिस्टरला कोणी मोडवरून नापास करत नाही. अलार्म वाजला की तुमची नजर आधी पेशंटकडे जाते की मशीनकडे, हे बघतात. "अलार्म सायलेंट करते" हे तुमचं पहिलं वाक्य असलं, तर पुढचं कितीही बरोबर असो, गेलं.

हाय प्रेशरचा अलार्म हमखास विचारतील. उत्तर या क्रमानं द्या: छाती दोन्ही बाजूंनी हलतेय का, सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) किती, ओठापाशी श्वासाची ट्यूब किती सेंटीमीटरवर आहे आणि सकाळी किती होती. पेशंट ट्यूब चावतोय का, कुठं मुडपलीय का, सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्यांत, पाणी साठलंय का. मग दोन्हीकडे स्टेथो लावायचा, स्राव असेल तर सक्शन, म्हणजे तो ओढून काढायचा. सॅच्युरेशन घसरत असेल तर हे सगळं करत बसायचं नाही. व्हेंटिलेटर सोडवायचा, शंभर टक्के ऑक्सिजनवर अंबू (हातानं दाबायची श्वासाची पिशवी) लावायची आणि डॉक्टरांना हाक मारायची. अंबू हलकी चालली आणि सॅच्युरेशन चढलं, तर दोष मशीन किंवा सर्किटमध्ये. अंबू दाबायलाच जड जात असेल तर ट्यूब तुंबलीय, नाहीतर छातीत काहीतरी आहे: श्वासनलिका आवळल्यात किंवा न्यूमोथोरॅक्स (फुप्फुसाबाहेर हवा साठणं). लो प्रेशरचा अलार्म सोपा, कुठंतरी निसटलंय किंवा ट्यूबभोवतीचा फुगा, म्हणजे कफ, गळतोय.

सक्शनचे आकडे तोंडपाठ हवेत. आधी ३० ते ६० सेकंद शंभर टक्के ऑक्सिजन. कॅथेटर ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्यापेक्षा बारीक. दाब साधारण ८० ते १२० मिमी पारा. आत घालताना सक्शन बंद, बाहेर काढताना चालू, आणि एक फेरी १५ सेकंदांच्या आत. कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी. कमी पडला तर तोंडातली लाळ खाली उतरते, जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. आकड्यामागचं हे कारण सांगितलंत की समोरचा पुढचा प्रश्न बहुधा सोडून देतो.

पंचगंगा_काठ
सक्शनच्या आधी ट्यूबमध्ये ५ मिली सलाइन घालायचं, तेही सांगा. आणि न्यूमोनिया टाळायला क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकानं तोंड पुसायचं.

नाईट_ड्युटी
@पंचगंगा_काठ, दोन्ही जुनं झालं. सलाइन रोजच्या सवयीनं घालत नाहीत, त्यानं सॅच्युरेशन पडतं. क्लोरहेक्सिडिनवर २०२२ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांनी काट मारलीय, दात ब्रशनं घासण्यावर भर दिलाय. ताई, हॉस्पिटलच्या यादीत अजून क्लोरहेक्सिडिन असेल तर तिथं वाद घालू नका. "तुमच्या प्रोटोकॉलप्रमाणे करीन" म्हणा. डोकं ३० ते ४५ अंश वर, रोज सिडेशन (गुंगीचं औषध) थांबवून बघणं, कफचा दाब, हे कुठंही चालतं.

ड्रिपची_बाई
औषधांचा हिशोब येणारच. कागद-पेन मागून घ्या, तोंडी करू नका. नमुना:

६० किलोचा पेशंट, नॉरॅड (बीपी वाढवणारं नॉरॅड्रिनालिन) ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. सिरिंजमध्ये ४ मिग्रॅ, एकूण ५० मिली.
४ मिग्रॅ म्हणजे ४००० मायक्रोग्रॅम. भागिले ५०, म्हणजे मिलीला ८०.
पेशंटला लागतात ०.१ × ६० = ६ मायक्रोग्रॅम मिनिटाला, तासाला ३६०.
३६० ÷ ८० = ४.५ मिली तासाला.

चुका दोनच ठिकाणी होतात: मिग्रॅचं मायक्रोग्रॅम करायचं राहतं, नाहीतर ६० नं गुणायचं राहतं. उत्तर ०.०७५ आलं तर ६० विसरलात, हे ओळखता आलं पाहिजे.

तिसरी चूक लेबलची. ॲम्प्यूलवर बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) ४ मिग्रॅ लिहिलं असेल तर त्यात नॉरॅड्रिनालिन बेस, म्हणजे मूळ औषध, २ मिग्रॅच असतं. म्हणजे "४ मिग्रॅ घाल" म्हटल्यावर एक ॲम्प्यूल की दोन, हे विचारून घ्यायचं. हे तुम्ही स्वतःहून बोललात तर डॉक्टर मान वर करून बघतील!

नॉरॅडच्या लाइनला फ्लश (सलाइन ढकलून नळी धुणं) नाही आणि तिथून दुसरं इंजेक्शन नाही, आतलं औषध एकदम ढकललं जातं. सिरिंज संपायच्या आत दुसरी भरून तयार ठेवायची, बदलताना बीपी कोसळतं ते तिथंच. पोटॅशियम क्लोराइड कधीच थेट शिरेत ढकलायचं नाही. पातळ करून, पंपावर, साध्या शिरेतून तासाला १० मिलीइक्विव्हॅलंटपर्यंत.

ऊसपट्टा
पुण्या-मुंबईच्या नोट्समध्ये नसतं ते सांगतो. आपल्याकडच्या आयसीयूत विषबाधा आणि सर्पदंश यायचेच, त्यामुळं ते विचारतात.

कीटकनाशक (ऑर्गनोफॉस्फेट गटातलं) प्यालेला पेशंट: ग्लोव्हज घालून कपडे उतरवा, साबण-पाण्यानं अंग धुवा, फुप्फुसांकडे लक्ष. ॲट्रोपिनची ॲम्प्यूल ०.६ मिग्रॅची, सुरुवात ३ ते ५ ॲम्प्यूल, म्हणजे १.८ ते ३ मिग्रॅ. दर ५ मिनिटांनी तपासायचं, फरक नसेल तर डोस दुप्पट. कुठवर? छाती कोरडी होईपर्यंत. नुसत्या डोळ्यांच्या बाहुल्या बघून थांबू नका. नंतर पेशंट बरळायला लागला, अंग तापलं, पोटाचे आवाज बंद झाले, तर ॲट्रोपिन जास्त झालंय. आणि पहिल्या ते चौथ्या दिवसात पेशंट "बरा वाटतोय" म्हणताना मान उचलायची ताकद जाते, मागोमाग श्वास जातो. म्हणून दर राउंडला उशीवरनं डोकं उचलायला सांगायचं. सिस्टरच्याच लक्षात येणारी गोष्ट आहे ही.

सर्पदंश: २० मिनिटांची गुठळी चाचणी. कोरड्या, नव्या काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदा तिरकी करायची. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी घेतली तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही आणि विनाकारण सर्पविषावरची लस जाते. सर्पविष प्रतिबंधक लस सुरू करण्याआधी ॲड्रिनालिन ०.५ मिग्रॅ भरून उशाशी.

आणि हो, "सीपीआर" (हृदय थांबल्यावर छाती दाबून श्वास देणं) विचारलं तर दसरा चौकातला त्या नावाचा दवाखाना सांगू नका. ३० दाब २ श्वास, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंमी, ॲड्रिनालिन १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी. ट्यूब असेल तर दाब न थांबवता दर ६ सेकंदांनी एक श्वास.

गडहिंग्लजची_सिस्टर
सगळ्यांचे आभार. एबीजीचं (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) एक उदाहरण सोडवलंय, तपासाल का? पीएच ७.२४, पीसीओटू (कार्बन डायऑक्साइड) ६०, बायकार्ब २५. पीएच कमी, पीसीओटू जास्त, म्हणजे रेस्पिरेटरी ॲसिडोसिस (श्वास कमी पडून रक्त आम्लधर्मी होणं). मग सोडाबायकार्ब द्यायचं ना?

ड्रिपची_बाई
निदान बरोबर, उपाय चूक. बायकार्ब वाढलेलं नाही, म्हणजे प्रकार आत्ताचा आहे, मूत्रपिंडाला भरपाई करायला वेळ मिळालेला नाही. आणि सोडाबायकार्बपासून शरीरात आणखी कार्बन डायऑक्साइडच तयार होतो. श्वास कमी पडतोय, तो का ते बघायचं: सिडेशन जास्त आहे का, ट्यूब तुंबलीय का, श्वासांचा रेट किंवा टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा) कमी लावलाय का. तुमचं उत्तर: "सॅच्युरेशन आणि ट्यूब बघते, सक्शनची गरज तपासते, डॉक्टरांना आकडे कळवते." सेटिंग मी बदलते असं बोलू नका.

नाईट_ड्युटी
इंग्रजीचं राहिलं. मराठीतच बोला, संज्ञा इंग्रजी राहू द्या, वॉर्डात हँडओव्हर देता तसं. मात्र हँडओव्हर द्यायला लावतील, त्याचा क्रम बसवा: पेशंट कोण, आत्ता काय झालं, आधीचं काय, माझ्या तपासणीत काय दिसलं, मला काय हवंय. शेवटचं बहुतेक जण गाळतात. "सर, बीपी कमी आहे" एवढ्यावर थांबू नका. "सर, मीन बीपी ५५ आहे, गेल्या तासात लघवी १० मिली, तुम्ही येऊन बघाल का" असं सांगा.

कागदपत्रं_पुरी
महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची मुदत आधी बघा, पाच वर्षांनी नूतनीकरण असतं. बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक प्रशिक्षणाचं) कार्ड, हिपॅटायटिस बीच्या लशीची नोंद, अनुभवाचा दाखला. ओरिजिनल दाखवायचे, ठेवून द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्या. बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडला तर किती भरायचे, हे सहीच्या आधी विचारा. आणि व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर असते का, तेही.

गडहिंग्लजची_सिस्टर
आणि बेडसाइडला नेल्यावर?

नाईट_ड्युटी
घड्याळ, अंगठी, बांगड्या आधीच पर्समध्ये. आयसीयूच्या दारातच हँडरब असतो. कोणी सांगायची वाट न बघता २० ते ३० सेकंद नीट चोळा, पेशंटला हात लावायच्या आधी पुन्हा. पेशंट बेशुद्ध असला तरी त्याला नावानं हाक मारून काय करणार ते सांगा, मगच चादर बाजूला करा. मेट्रन तेच बघत उभ्या असतात.