ताकीद किती वेळा द्यावी आणि बंदी केव्हा घालावी?

नवा_संचालक:
एका मोठ्या ऑनलाइन समूहाचे संचालन नुकतेच माझ्याकडे आले आहे. उद्धट सदस्याला पहिल्याच वेळी बाहेर काढावे, असे काही सहकाऱ्यांचे मत आहे, तर इतरांना अनेकदा समज दिल्याखेरीज बंदी घालणे अन्यायाचे वाटते. ज्याचे लेखन एरवी उपयुक्त असते, पण जो नवागतांना सतत तोडून बोलतो, अशा सदस्याबाबत तर निर्णयच होत नाही. आपण काय धोरण ठेवता?

मध्यस्थ:
इंग्रजी विकिपीडियावर ताकिदीच्या चार चढत्या पायऱ्या रूढ आहेत. पहिलीत सदस्याचा हेतू चांगलाच असेल असे गृहीत धरलेले असते आणि चौथीत ही शेवटची सूचना असल्याचे स्पष्ट सांगितले जाते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तिथल्या धोरणानुसार बंदी ही शिक्षा नसून पुढील नुकसान टाळण्याचा उपाय आहे. त्यामुळे ‘याने किती वाईट केले’ यापेक्षा ‘हे पुढेही चालू राहील का’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो. सामायिक पाणी, कुरणे आणि मासेमारी यांचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम (2009 च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी) यांनाही टिकून राहिलेल्या व्यवस्थांमध्ये सौम्यापासून कठोरापर्यंत चढत जाणारे दंड आढळले होते. मात्र पायऱ्या ठरवल्या की त्या चढल्याच पाहिजेत. पाचव्यांदा दिलेली ‘शेवटची’ ताकीद कोणीही गांभीर्याने घेत नाही आणि पुढच्या सगळ्या ताकिदींचे वजन ती घालवून बसते.

किनारा:
वरील मत मान्य आहे, पण प्रत्येक ताकिदीची किंमत ज्याला त्रास झाला तो मोजत असतो, हे त्यात सुटले आहे. जिवे मारण्याची धमकी, कोणाचा पत्ता किंवा फोन क्रमांक उघड करणे, लैंगिक छळ, अशा बाबतींत पहिली पायरी हीच शेवटची असली पाहिजे. आपल्या त्या ‘उपयुक्त’ सदस्याचे चांगले लेख डोळ्यांसमोर असतात, परंतु त्याच्यामुळे एकही शब्द न लिहिता निघून गेलेले लोक कोणत्याच नोंदीत दिसत नाहीत. त्याला एक स्पष्ट ताकीद आणि नंतर ठरावीक मुदतीची बंदी, याहून अधिक सवलत देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

शब्दसखा:
ताकिदीचा मजकूरही नीट लिहावा. ‘नियम पाळा’ एवढ्याने काहीच कळत नाही. आक्षेपार्ह वाक्य, मोडलेला नियम आणि पुढे काय होईल हे तिन्ही त्यात हवे, आणि शक्यतो ते खाजगी संदेशाने कळवावे, कारण चारचौघांत बोल लावला की माणूस चूक सुधारण्यापेक्षा बाजू लढवत बसतो. रेडिट या चर्चा-संकेतस्थळावरील 2019 च्या एका अभ्यासात, मजकूर काढताना कारण दिल्यास त्या सदस्याचे पुढचे लेखन काढावे लागण्याची शक्यता घटते, असे दिसले होते.

नवा_संचालक:
आभारी आहे. जुन्या ताकिदी किती काळ धरायच्या?

मध्यस्थ:
मुदत ठेवावी. यूट्यूबवर ‘स्ट्राइक’ (नियम मोडल्याचा ठपका) 90 दिवसांनी बाद होतो आणि त्याच 90 दिवसांत तीन झाले तर चॅनेल बंद होते. आपल्या समूहासाठी मुदत वेगळी असू शकेल, पण ती सदस्यांना आधीच ठाऊक असावी आणि बंदीविरुद्धची दाद बंदी घालणाऱ्याखेरीज दुसऱ्या संचालकाने ऐकावी.