‘ॲप उडवा’ हा सल्ला आळशी आहे

तिरपा_डोळा (धागाकर्ता)
कालपासून एक पोस्ट फिरतेय: "फीड सुधारत बसणं म्हणजे दारूत पाणी घालून पिणं. ॲप उडवा, मोकळे व्हा." खाली टाळ्यांचा पाऊस. आणि ही पोस्ट फिरतेय कुठे, तर फेसबुकवर!

ज्यांचा मसाल्याचा, साड्यांचा धंदा इन्स्टावर चालतो त्यांनी काय उडवायचं? फीडमध्ये, म्हणजे ॲप तुमच्यासमोर लावतं त्या पोस्टच्या रांगेत, बिघाड कुठे होतो ते आधी बघा. लाईक आणि फॉलो या मुद्दाम दिलेल्या खुणा. त्याखेरीज तुम्ही कशावर किती वेळ थांबलात हेही मोजलं जातं. चिडून कॉमेंटी वाचत बसलात तरी तो थांबाच धरला जातो. म्हणून ‘नको’ची बटणं फारशी चालत नाहीत. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये यूट्यूबवर वीस हजारांहून जास्त लोकांच्या मदतीने हे तपासलं. ‘नॉट इंटरेस्टेड’ने नकोशा शिफारशी ११ टक्के टळल्या, ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ने ४३ टक्के. दाबायचंच तर दुसरं दाबा.

त्याहून जालीम उपाय: गूगल खात्यात जाऊन यूट्यूब हिस्टरी बंद करा आणि जुनी पुसा. दोन्ही करा. नुसती बंद केली तर जुन्या पाहण्यावर शिफारशी येतच राहतात. दोन्ही झालं की होम पान कोरं, उरतं फक्त सबस्क्रिप्शन. तोटा एवढाच की अर्धा पाहिलेला व्हिडिओ तिथूनच पुढे सुरू होत नाही. घरच्या टीव्हीवर सगळ्यांचं एकच खातं असेल तर मात्र हे कोणालाच मानवणार नाही. तिथे आधी प्रत्येकाचं खातं वेगळं करा, नाहीतर नातवाची कार्टून आजोबांच्या कीर्तनात घुसणारच.

इन्स्टावर सेटिंग्ज, कंटेंट प्रेफरन्सेस, तिथे सुचवलेला मजकूर रीसेट करता येतो. केलं की परत फिरवता येत नाही. त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत नको ते दिसलं की न थांबता पुढे सरका. तिथे रेंगाळलात तर मेहनत पाण्यात.

खवट_खोबरं
वा! कंपनीने चिखल करायचा आणि आपण रोज फडकं घेऊन बसायचं. इन्स्टावर फक्त ‘फॉलोइंग’, म्हणजे आपण फॉलो केलेल्यांच्याच पोस्ट, बघायचं म्हटलं तर ती निवड टिकते का? ॲप पुन्हा उघडा, आहे तेच. सुचवलेल्या पोस्ट ‘स्नूझ’ करा, ३० दिवसांनी परत हजर. हे विसरून राहिलेलं नाही, मुद्दाम तसं ठेवलंय.

अमेरिकेत २०१८ च्या निवडणुकीआधी लोकांना चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं होतं. दिवसाला साधारण तासभर मोकळा झाला, मन सुधारलं, नंतरही वापर कमीच राहिला. आपल्याकडे सांगलीच्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा होतो, साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाईल बंद. त्यांना रीसेट बटण शोधावं लागलं नाही.

आकडेमोड
‘मन सुधारलं’ म्हणजे किती, ते सोयीने गाळलंत. प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांत एरवी जेवढा फरक असतो त्याच्या मापाच्या) दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. त्याच प्रयोगात लोकांची बातम्यांची माहितीही घटली, तेही गाळलंत. २०१९ मध्ये ऑर्बेन आणि शिबिल्स्की या संशोधकांनी लाखो किशोरवयीन मुलांची आकडेवारी तपासली. मुलांच्या स्वास्थ्यातल्या फरकापैकी फार तर ०.४ टक्के फरक स्क्रीनशी जोडता आला.

आणि धागाकर्ते, तुमच्याकडूनही लवकरच येणार असलेला ‘कालक्रमाने फीड लावा’ (ताजी पोस्ट आधी, ॲपची निवड नाही) हा मंत्र आधीच मोडून ठेवतो. २०२० च्या अमेरिकी निवडणुकीत फेसबुक-इन्स्टावर तीन महिने हेच करून पाहिलं, निकाल २०२३ मध्ये आले. लोकांचा ॲपवरचा वेळ घटला खरा, पण राजकीय आणि अविश्वसनीय मजकूर वाढला. मतांची कडवट दरी जैसे थे.

खवट_खोबरं
०.४ टक्के ही सरासरी आहे हो. ज्या मुलीला रात्री दोनपर्यंत डाएटच्या रील दिसतात ती सरासरीत राहत नाही.

आकडेमोड
मान्य. सरासरीत टोकं बुडतात. एवढ्यावर खूश व्हा.

बोरू_बहाद्दर
सगळे इंग्रजी फीडवर बोलताय. मराठीत शब्द म्यूट करून, म्हणजे तो शब्द असलेल्या पोस्ट लपवून, पाहिलंत? एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) ‘निवडणूक’ टाका. ‘निवडणुकीत’, ‘निवडणुकीचा’, ‘निवडणुका’ बिनदिक्कत येतात, कारण जुळवणी अख्ख्या शब्दाची. सामान्यरूपासकट सात-आठ रूपं टाकावी लागतात, वर रोमन लिपीतली शुद्धलेखनाची दिवाळखोरी वेगळी. शिवाय आपल्याकडचं निम्मं राजकारण बॅनरच्या चित्रात असतं, तिथे ही गाळणी आंधळी. त्यापेक्षा उलटं करा: विश्वासातल्या वीस-पंचवीस खात्यांची लिस्ट बनवून ती पिन करा आणि तीच वाचा.

काकू_ऑनलाईन
मुख्य त्रासाबद्दल कोणी बोलतच नाही. व्हॉट्सॲप! सकाळी सहापासून गुलाबाची फुलं, दुपारी ‘हळदीने मधुमेह पळाला’, रात्री सोसायटीत पार्किंगवरून महाभारत.

आकडेमोड
व्हॉट्सॲप सोशल मीडिया नाही. तिथे काय दाखवायचं ते ठरवणारा अल्गोरिदम नाही. अवांतर.

काकू_ऑनलाईन
अल्गोरिदम नाही, नणंद आहे. तिला कुठलं बटण?

तिरपा_डोळा
काकूंना +१. अवांतर म्हणणाऱ्यांनी हे करून बघावं: स्टोरेज अँड डेटामध्ये मोबाईल डेटा, वायफाय, रोमिंग या तिन्हींखालचं ऑटो-डाउनलोड बंद. एकच बंद करून लोक म्हणतात ‘तरी फोन भरतोय’. प्रायव्हसीत ग्रुप्सना ‘माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट’ लावलं की निवडलेले महाभाग तुम्हाला परस्पर ग्रुपात कोंबू शकत नाहीत. सोसायटीच्या ग्रुपात फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं ठेवा, भांडणाला दुसरा ग्रुप काढून द्या.

बोरू_बहाद्दर
ॲडमिनच भांडखोर असेल तर? आमच्याकडे या सोयीचा अर्थ ‘विरोधकांचं तोंड बंद’ असाच घेतला जातो. आणि ग्रुप सोडा हा सल्ला आता देऊच नका.

खवट_खोबरं
का? २०२२ पासून गुपचूप सोडता येतो, फक्त ॲडमिनला कळतं.

काकू_ऑनलाईन
घरच्या ग्रुपात ॲडमिन कोण असतो? मोठे काका! आणि सोडून गेलेल्यांची यादी ६० दिवस सगळ्यांना बघता येते, हे सांगायचं राहिलं का? गुपचूप म्हणे.

आकडेमोड
सोडू नका, अर्काइव्ह करा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला ठेवा. कोणी तुम्हाला टॅग केलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं तरच नोटिफिकेशन येतं.

खवट_खोबरं
अच्छा! मी ‘बघू नका’ म्हटलं की आळशी, तुम्ही अर्काइव्ह म्हटलं की शास्त्र. चालू द्या.

तिरपा_डोळा
फरक आहे. अर्काइव्ह केलेल्या ग्रुपातून पाण्याच्या टँकरचा मेसेज लागेल तेव्हा शोधता येतो, उडवलेल्या ॲपमधून येत नाही. बाकी ‘फॉलोइंग’ टिकत नाही हा तुमचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. झालं समाधान?

खवट_खोबरं
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

काकू_ऑनलाईन
भांडून झालं असेल तर सांगा, आयफोनवर अर्काइव्ह कुठे असतं? आणि एकदा केलेला ग्रुप नवा मेसेज आला की परत वर का येतो?

आकडेमोड
चॅट डावीकडे सरकवा, अर्काइव्ह दिसेल. परत वर येतोय म्हणजे सेटिंग्जमध्ये चॅट्सखालचं ‘कीप चॅट्स अर्काइव्ह्ड’ बंद आहे. ते आधी चालू करा, मग नणंदेला सरकवा.