बीच क्लबची दोरी ओल्या वाळूत चालते का? (चर्चा)

मांजराकाठ, लातूर

माझं म्हणणं आधीच सांगतो. समुद्रावरच्या क्लबानं खासगी जागा ठेवावी, पैसे घ्यावेत, त्याला माझी हरकत नाही. पण ती जागा भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या जमिनीवर हवी. ओल्या वाळूत दोरी बांधायचा हक्क कुणालाही नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान गावी घरची मंडळी घेऊन गेलतो. सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट असा रस्ता. क्लब छोटाच आहे. नारळाच्या बागेत थोड्या खोल्या, एक उपाहारगृह, समोर वाळूत छत्र्या आणि आरामखुर्च्या. डाव्या अंगाला बांबू रोवून दोरी, 'फक्त पाहुण्यांसाठी'. उजव्या अंगाचा भाग खाडीच्या तोंडापर्यंत सगळ्यांना खुला. खासगी भागात माणशी 500 रुपये, त्यातले काही जेवणात वळते, मनगटाला निळी पट्टी. आम्ही दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून नेलेली. बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून आम्ही उजवीकडं बसलो. इथवर काहीच तक्रार नाही.

पौर्णिमेचा दिवस होता. सकाळी वाळू मैदानासारखी पसरलेली. दहानंतर पाणी चढायला लागलं आणि बाराच्या आत उजवीकडचा सगळा भाग पाण्याखाली गेला. मागं खडक, बाजूला खाडी. राहिली ती फक्त दोरीपलीकडची उंच वाळू, आणि तिथं अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. आईचे गुडघे दुखतात, ती दोरी ओलांडून दोन हात आत टेकली. गार्ड पोरगा आला, 'आजी, इथं नाही बसता येणार.' अदबीनंच बोलला बिचारा, त्याच्यावर राग नाही. पण त्याच वेळी दोरीचे खालचे बांबू गुडघाभर पाण्यात उभे होते. म्हणजे दोरी भरतीच्या पाण्यातच रोवलेली होती ना?

आपल्याकडं बांध हातभर सरकला तरी भाऊ भावाच्या दारात जात नाही, मोजणी आणतो. शेताचा बांध निदान एका जागी असतो. समुद्राची हद्द रोज हलते. ओहोटीला बघून केलेली वाटणी भरतीला टिकत नाही, आणि तोटा दर वेळी खुल्या भागातल्यांचाच होतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

गोदातीर, पैठण

दादा, आईंना उठवलं ते वाईटच झालं. पण मी दोरीच्या बाजूनं बोलणार आहे.

खुल्या किनाऱ्यावर बाईनं पाण्यात जाऊन बघावं. ओली साडी अंगाला चिकटलेली, कपडे बदलायला आडोसा नाही, गाडीचे दरवाजे उघडून मधे चादर धरायची. चार पोरं मोबाईल काढून उभी. संडास म्हणाल तर हॉटेलवाल्याच्या विनवण्या करा. आमच्या घरातल्या बायका किनाऱ्यावर जाऊन पाय भिजवून परत यायच्या, एवढाच त्यांचा समुद्र. असल्याच एका छोट्या क्लबच्या खासगी भागात माझी जाऊ पहिल्यांदा गळ्यापर्यंत पाण्यात उतरली. आत बाकी बायका होत्या, लेकरं होती, शिट्टी घेऊन जीवरक्षक उभा होता, बाहेर आल्यावर गोड्या पाण्याचा शॉवर होता. 500 रुपये मला महाग वाटले नाहीत. तुम्ही जिला हक्क म्हणता त्या खुल्या वाळूचा आम्हाला आजवर उपयोगच झालेला नाही.

मांजराकाठ

ताई, हे सगळं मान्य. पण आडोसा, संडास, शॉवर हे सगळं बागेत होतं, कोरड्या जमिनीवर. त्यासाठी पाण्यात बांबू रोवावे लागत नाहीत.

गोदातीर

लागतात. दोरी काढली की तीच मोबाईलवाली पोरं खुर्च्यांसमोर येऊन उभी राहतात. आडोसा बागेत असला तरी पोहायचं पाण्यातच आहे.

काळा कोट, धाराशिव

कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथं दोघंही अर्धे बरोबर आहेत. सीआरझेड म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्र. त्याची पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011, आणि सध्याची 2019 ची. भरतीची रेषा म्हणजे उधाणाच्या, पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीच्या वेळी पाणी जमिनीवर जिथवर चढतं ती रेषा. रोजच्या भरतीची नव्हे. भरती आणि ओहोटी यांच्या रेषांमधला पट्टा 'सीआरझेड 1 ब' मध्ये येतो, तिथं मोजके अपवाद सोडले तर काही उभारता येत नाही. 2019 च्या अधिसूचनेत शॅक (किनाऱ्यावरची खाण्यापिण्याची तात्पुरती खोपटी), स्वच्छतागृह, कपडे बदलायच्या खोल्या अशा तात्पुरत्या सोयींना मुभा आहे, पण भरतीच्या रेषेपासून किमान 10 मीटर अंतर सोडून. 2011 च्या अधिसूचनेतली रिसॉर्टबद्दलची अटही वाचण्यासारखी आहे: दोन रिसॉर्टच्या मधे लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान 20 मीटर रुंदीची वाट हवी, अशा वाटा एकमेकींपासून 500 मीटरपेक्षा जवळ नसाव्यात, आणि कुंपणानं लोकांची ये-जा अडता कामा नये.

मांजराकाठ, तुम्ही पौर्णिमेला गेलतात म्हणून बांबू पाण्यात दिसले. अष्टमीला गेला असतात तर कदाचित कोरडे दिसले असते आणि तुमचं भांडण तिथंच संपलं असतं. कायदा मात्र पौर्णिमेचंच पाणी धरतो.

दुसरं, 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. मनालीच्या बाजूला एका मोटेलनं बियास नदीचा प्रवाह वळवला होता. कोर्टानं सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं ही सरकारकडं लोकांच्या वतीनं विश्वस्त म्हणून आहेत, खासगी फायद्यासाठी ती देऊन टाकता येत नाहीत.

आता ताईंची बाजू. भरतीच्या रेषेवरची जमीन कुणाच्या सातबाऱ्यावर असेल आणि परवानगी कायदेशीर असेल, तर तिथं तिकीट लावणं, फक्त बायकांसाठी वेळ ठेवणं, बाहेरचं खाणं न चालवणं हा मालकाचा प्रश्न आहे.

सासर दापोली, माहेर उदगीर

लग्नाआधी मीही मांजराकाठ यांच्यासारखंच बोलले असते. आता किनाऱ्यावर राहते, म्हणून दुसरी बाजू मांडते.

सुट्टी लागली की एमएच 24, एमएच 23, एमएच 20 च्या, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या गाड्या थेट वाळूत उतरतात. भरती कधी येणार हे विचारत नाहीत. गाडी रुतते, पाणी चाकाला लागतं आणि मग गावातल्या पोरांना ट्रॅक्टर घेऊन धावावं लागतं. सोमवारी सकाळी वाळूत बाटल्या, डायपर, पत्रावळी. आमच्या आळीतल्या बायका वेचतात, त्याचे पैसे कुणी देत नाही. क्लबनं दोरी लावलेला भाग तेवढा स्वच्छ असतो, कारण तिथं कुणीतरी जबाबदार आहे.

तरीही एक गोष्ट मला पटत नाही. पोहायला चांगली, सपाट उताराची वाळू दोरीच्या आत आणि खाडीचं तोंड सगळ्यांसाठी खुलं, ही वाटणी जीवघेणी आहे. ओहोटी लागली की खाडीतलं पाणी मुखातून जोरात समुद्राकडं ओढ घेतं. वरून संथ दिसतं. गावातले पोहणारे त्या वेळी तिथं उतरत नाहीत. बाहेरून आलेल्याला काय कळणार? जीवरक्षक क्लबचा, तो क्लबसमोर उभा. कुठल्या पाण्यात जीव जाऊ शकतो हे तिकिटावर ठरायला नको.

आणि आपल्या भागातून येणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची अंदाजे वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा, म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास पूर्ण भरती, मग साधारण सहा तासांनी ओहोटी. अष्टमीला सहाच्या आसपास भरती, आणि पाणीही फार चढत नाही, त्याला आम्ही भांग म्हणतो. निघायच्या आधी कालनिर्णय बघा.

आसना, नांदेड

कोकणातच, महाडला, 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. घटनेच्या कलम 15 मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट ही नावं उगाच आलेली नाहीत. पाण्याशी कुणी जावं हे दुसरा ठरवू लागला की मला तेच आठवतं. आज पट्टी मनगटावर आहे आणि ती विकत मिळते. पण ज्याच्या खिशात 500 रुपये नाहीत त्याला 'उठा' म्हणणारा माणूस तोच आहे.

दुधना, परभणी

आसना, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण ही तुलना मला मान्य नाही. महाडला माणसाला जन्मावरून अडवलं होतं, पैसे असले तरी पाणी मिळत नव्हतं. ते दुःख आणि आरामखुर्चीचं भाडं एका तराजूत घातलं तर महाडचं मोल कमी होतं. माझ्या आजोबांनी गावच्या विहिरीवर जे सोसलं ते मी ऐकलेलं आहे, म्हणून हे बोलतो.

क्लबबद्दल म्हणाल तर असे छोटे क्लब बहुतेक गावातलंच एखादं कुटुंब चालवतं. 2020 साली राज्यानं बीच शॅकचं धोरण आणलं. गुहागर, आरेवारे, कुणकेश्वर, तारकर्ली, वरसोली, दिवेआगर, केळवा, बोर्डी असे आठ किनारे त्यात घेतले आणि 80 टक्के शॅक स्थानिकांना ठेवले. म्हणजे तिथल्या माणसानं किनाऱ्यावर पोट भरावं हे सरकारचंच धोरण आहे. आपली पोरं पुण्याला कंपन्यांत जातात. तिथल्या पोराला घराजवळ काम मिळत असेल तर चार छत्र्यांसाठी त्याच्या मागं कायदा लावू नका.

आसना

तुलनेबद्दल तुम्ही म्हणता ते ऐकून घेतलं, आणि ते मी परत बोलणार नाही. पण पोट भरायला बागेतली जागा पुरते. ग्रीसच्या पारोस बेटावर 2023 मध्ये तिथले रहिवासीच टॉवेल घेऊन किनाऱ्यावर उतरले, कारण खुर्च्या-छत्र्यांनी वाळू व्यापली आणि गावच्यांनाच बसायला जागा राहिली नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या सरकारला नियम कडक करावे लागले. तिथंही सुरुवात चार छत्र्यांपासूनच झाली असणार.

सासर दापोली, माहेर उदगीर

हे खरं आहे. आमच्या इथं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला रात्री वर येतात. त्यांच्या वाटेत खुर्च्या आणि डोळ्यांवर दिवे आले तर ती तशीच माघारी फिरतात. संध्याकाळी खुर्च्या उचला, दिवे विझवा, एवढंसुद्धा काही क्लब ऐकत नाहीत.

मांजराकाठ

दुधना, मी क्लब बंद करा असं कुठंच म्हटलेलं नाही. त्यांचं जेवण चांगलं होतं, माणसं चांगली होती. दोरी वर घ्या, एवढंच म्हणतोय.

काळा कोट यांच्याशी फोनवर बोललो. 2011 च्या अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय समिती सांगितलेली आहे, तीत मच्छीमार आणि किनाऱ्यावरच्या स्थानिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी असतात. त्या समितीला पत्र लिहायलोय. क्लबचं नाव घालणार नाही, मागण्या सगळ्या किनाऱ्यांसाठी: उधाणाच्या रेषेच्या खाली दोरी नको, खाडीच्या तोंडाशी धोक्याचा फलक आणि तिथंही जीवरक्षक, वाळूत गाड्यांना बंदी, रात्री खुर्च्या उचललेल्या. ज्यांना पटतं त्यांनी सही द्यावी.

दुधना

गाड्यांना बंदी आणि जीवरक्षक, या दोन मागण्यांवर माझी सही धरा. दोरीच्या मागणीवर नाही. आधी त्या मालकाशी बोलून बघा, तो ऐकेल असं मला वाटतं.

गोदातीर

यादी वाचली. गाड्या आल्या, कासवं आली, बायकांचा आडोसा कुठं आहे? पैठणला नाथषष्ठीला हजारो बायका गोदावरीच्या घाटावर अंघोळ करतात, तिथंही दरवर्षी हाच प्रश्न असतो आणि दरवर्षी यादीत तो शेवटी येतो. खुल्या भागात बायकांसाठी बंद खोली, संडास, गोडं पाणी, आणि पोहायच्या जागी एक तरी महिला जीवरक्षक, हे कलम पहिलं घाला. घातलंत तर दोरीच्या मागणीवरसुद्धा सही करते. शेवटी टाकलंत तर माझं नाव घालू नका.