मदत हवी आहे: कोडला हात न लावता बिल्ड लाल होतंय

लालबिल्ड:
उद्या स्प्रिंट रिव्ह्यू (झालेलं काम दाखवायची बैठक) आहे आणि मर्ज, म्हणजे माझा कोड मुख्य कोडमध्ये मिसळणं, अडकलंय. लोकलवर (माझ्या मशीनवर) सगळ्या टेस्ट हिरव्या, सीआयवर (कोड पाठवला की बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) मात्र मधूनच एक फुटते. तोच कमिट, म्हणजे तोच कोड, पुन्हा चालवला की पास. कॅशे साफ करून झाली. प्लीज लवकर सांगा.

टेस्टकरी:
डेटाबेस कोणता? टेस्ट एकामागून एक चालतात की समांतर? दर वेळी तीच टेस्ट फुटते का? एररची ओळ जशीच्या तशी टाका, त्याशिवाय सगळे अंदाजच.

सरळमार्ग:
घाई आहे ना, मग रीट्राय लावा. पायटेस्ट (पायथनच्या टेस्ट चालवणारं साधन) असेल तर फुटलेली टेस्ट आणखी दोनदा चालवणारं प्लगइन मिळतं. पाच मिनिटांचं काम.

मर्जवाली:
रीट्राय अजिबात नको. दहातून एकदा फुटणारी टेस्ट सलग तीनदा फुटण्याची शक्यता हजारात एक. म्हणजे दोष खरा असला तरी बिल्ड हिरवंच दिसणार आणि तो प्रॉडक्शनला, म्हणजे ग्राहकांपर्यंत, जाणार. फारच अडलं तर ती एकच टेस्ट बाजूला काढा, तिकीट (कामाची नोंद) करा, त्यावर नाव आणि तारीख टाका.

सरळमार्ग:
बाजूला काढलेल्या टेस्टकडे पुन्हा कोणी बघत नाही. रीट्रायमध्ये ती निदान चालते तरी.

मर्जवाली:
म्हणूनच तारीख म्हटलं. तारीख उलटली की बिल्ड फुटेल अशी तपासणी सीआयमध्येच घाला.

पॉइंटकर:
अशा कामांना स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) देऊ नका, व्हेलॉसिटी (टीम एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंट संपवते ते) फुगते. तसंही स्क्रम या कामाच्या पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेच्या, स्क्रम गाइडच्या, २०२० च्या आवृत्तीत स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही.

लालबिल्ड:
पॉइंटचं कोणी विचारलं नाही हो. पायथन, जँगो (पायथनचं वेब फ्रेमवर्क), पायटेस्ट. फुटते ती एकच टेस्ट: 'ऑर्डरचा आयडी अपेक्षित १, मिळाला २'. सीआयवर चार वर्कर (टेस्ट समांतर चालवणाऱ्या प्रोसेस). लोकलवर एसक्यूलाइट, सीआयवर पोस्टग्रेस, पण ओआरएम (कोड आणि डेटाबेस यांच्यामधला थर) तोच आहे, त्यामुळे डेटाबेसचा संबंध नसावा.

टेस्टकरी:
सगळा संबंध तिथेच आहे. प्रत्येक टेस्ट ट्रॅन्झॅक्शनमध्ये चालते आणि शेवटी रोलबॅक होतो, म्हणजे टेस्टने डेटाबेसमध्ये केलेले बदल मागे घेतले जातात. एसक्यूलाइटमध्ये आयडीचा आकडाही त्याबरोबर मागे जातो. पोस्टग्रेसचा सीक्वेन्स (आयडीचे आकडे देणारा काउंटर) मागे जात नाही. ओळ पुसली गेली तरी १ हा आकडा खर्ची पडलेला असतो, पुढच्या ऑर्डरला २ मिळतो.

आता चार वर्कर, प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, आणि जो मोकळा होईल त्याला पुढची टेस्ट मिळते. तुमची टेस्ट त्या वर्करवर ऑर्डर बनवणारी पहिलीच असेल तर पास, आधी दुसरी कुठली येऊन गेली असेल तर नापास. मधूनच फुटते ती यामुळे.

खात्री करून घ्या: लोकलवर पोस्टग्रेस कंटेनरमध्ये उठवा, समांतर चालवणं बंद ठेवा, आणि ऑर्डर बनवणारी दुसरी एखादी टेस्ट आधी, तुमची नंतर, अशा क्रमाने दोनच फाइल कमांडला द्या. दर वेळी फुटली पाहिजे. मग टेस्टमधला १ काढा, ऑर्डर बनवताना जो ऑब्जेक्ट हातात येतो त्याचाच आयडी पुढे वापरा. दर टेस्टआधी सीक्वेन्स शून्यावर आणायची सोय जँगोत आहे, पण ती वापरू नका. टेस्ट मंदावतात आणि पक्का लिहिलेला आकडा तसाच राहतो.

मर्जवाली:
बरोबर. 'डन'च्या व्याख्येत (काम पूर्ण कधी म्हणायचं त्या यादीत) लिहून ठेवा: लोकलवर आणि सीआयवर डेटाबेस एकच, आवृत्तीही तीच. ब्रँच (मुख्य कोडपासून वेगळी काढलेली तुमची प्रत) किती दिवसांची आहे?

लालबिल्ड:
अकरा. का?

मर्जवाली:
अकरा दिवसांचा फरक रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी एकत्र आणताय म्हणून. फीचर फ्लॅगमागे (नवं काम चालू-बंद करायचा कोडमधला स्विच) ठेवून रोज मेनमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये, टाकलं असतं तर हे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच दिसलं असतं.

सरळमार्ग:
फ्लॅग काढायचे राहतात, त्याचं काय? चार फ्लॅग म्हणजे चालू-बंदची सोळा कॉम्बिनेशन, ती सगळी कोण तपासणार?

मर्जवाली:
एकमेकांना न शिवणाऱ्या फ्लॅगची कॉम्बिनेशन तपासावी लागत नाहीत. फ्लॅग घालतानाच तो काढायचं तिकीट करायचं.

लालबिल्ड:
टेस्टकरी, तुमच्या क्रमाने दर वेळी फुटली. आयडी बदलला, आता पास. पण लोकलवर पोस्टग्रेस आल्यावर नवीनच एक फुटली: एका ऑर्डरचं स्टेटस बदललं की यादीत ती शेवटी जाते. डेटा बरोबर आहे, क्रम चुकतो.

टेस्टकरी:
क्वेरीत 'ऑर्डर बाय' (ओळी कोणत्या क्रमाने हव्यात ते सांगणारा भाग) नसणार. पोस्टग्रेस अपडेट करताना ओळीची नवी प्रत लिहितो, ती बहुतेकदा मागे जाऊन पडते. ऑर्डर बाय नसेल तर क्रमाची हमी कुठलाच डेटाबेस देत नाही. ही यादी स्क्रीनवर दिसत असेल तर दोष टेस्टचा नाही, कोडचा आहे. आधी तो दुरुस्त करा, मग मर्ज.