अंडाशयाची गाठ कलिंगडाएवढी होईपर्यंत कळत कशी नाही?

आरोग्यसेविका_पूर्वभाग:
पुढच्या आठवड्यात विडी कामगार बायकांच्या बैठकीत या विषयावर बोलायचंय. दर वेळी प्रश्न एकच येतो, "ताई, एवढा मोठा गोळा पोटात, अन् बाईला कळंना होय?" दुखत का नाही, पाळी का बिघडत नाही आणि घरच्या घरी काय बघायचं, हे नीट समजावून हवंय. बैठकीत निम्म्या बायका तेलुगू बोलणाऱ्या असतात, म्हणून शब्द सोपे हवेत.

पोटाचा_नकाशा:
अंडाशय मुळात बदामाच्या आकाराचं, जेमतेम ३ सेंमी लांब. ते कुठं घट्ट चिकटलेलं नसतं, दोन-तीन बंधांवर लोंबकळतं. त्यामुळं गाठ वाढली की ओटीपोटात अडकून न बसता वर सरकते. साधारण १०-१२ सेंमीच्या पुढं गेली की ती पोटाच्या मोकळ्या भागात येते. तिथं जागाच जागा. आतडी निसटती, ती मुकाट बाजूला होतात.

दुखायचं म्हणाल तर आतल्या अवयवांना सावकाश आलेला ताण कळतच नाही. अचानक पीळ पडला, गाठ फुटली किंवा पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली, तरच कळ येते. पाळीचं काम दुसरं अंडाशय एकटं चालवतं. "पाळी वेळेवर आहे म्हणजे सगळं बरं आहे" हा समज मात्र बैठकीत आधी मोडा.

आता हिशोब सांगा, तो बायकांना लगेच पटतो. १० सेंमी रुंद गोल गाठीत अर्धा लिटर मावतं. २० सेंमीच्या गाठीत चार लिटरच्या वर, ३० सेंमीच्या गाठीत चौदा. रुंदी दुप्पट झाली की आतलं पाणी आठपट होतं. म्हणून बराच काळ काहीच दिसत नाही आणि मग "दोन महिन्यांत पोट आलं" असं वाटतं. गाठ दोन महिन्यांची नसते. सगळ्यात मोठ्या होतात त्या बहुतेक चिकट पातळ पदार्थ भरलेल्या, अनेक कप्प्यांच्या. आतलं अस्तर सतत पाझरतं आणि बाहेर जायला वाट नसते. यातल्या बऱ्याच साध्याच असतात, कॅन्सरच्या नव्हेत, पण ते काढून तपासल्याशिवाय ठरत नाही.

आणि पीसीओडी (पाळी अनियमित होते तो अंडाशयाचा विकार) वेगळं. त्यातले फुगे काही मिलिमीटरचेच असतात, त्यांचं कलिंगड होत नाही. हा घोळ प्रत्येक बैठकीत होतो.

ओपीडी_स्त्रीरोग:
वरचं बरोबर, पण खरी चूक शरीरापेक्षा अर्थ लावण्यात होते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बाईची कंबर दुखली तर दोष वाकून बसण्याला. सारखी लघवी लागली तर "साखर असेल". दोन घासांत पोट भरलं तर पित्त, शौचाला कठीण झालं तर कडक भाकरी. प्रत्येक तक्रारीला घरातच उत्तर तयार असतं. नऊवारीचा ओचा किंवा सैल गाऊन बाकीचं झाकतो. यांतला एक जरी त्रास नव्याने सुरू झाला आणि महिन्यात दहा-बारा दिवसांहून जास्त होत असेल, तर एक सोनोग्राफी करून घ्यावी. पन्नाशीनंतर तर नक्कीच.

आणखी एक खूण बघा. पोट वाढतंय पण दंड, गाल उतरतायत, आणि काटा तेवढाच. चरबी अशी एकट्या पोटावर चढत नाही.

रेडिओ_वाचक:
सोनोग्राफीतही गाठ चुकते, यावर कुणी बोलत नाही. फार मोठी, पातळ भिंतीची गाठ असेल तर भिंत एका चित्रात मावतच नाही. मग रिपोर्टात "पोटात पाणी" असं येतं. पाणी मोकळं असेल तर आतडी त्यात तरंगतात. गाठीत ती कडेला ढकललेली दिसतात. बोटांनी ठोकूनही अंदाज येतो. मोकळ्या पाण्यात उताण्या बाईच्या कुशी ठस्स वाजतात आणि मधलं पोट पोकळ. गाठीत उलटं, मधे ठस्स आणि कुशीत पोकळ. भरलेली लघवीची पिशवीही गाठीसारखी दिसते, म्हणून शंका असेल तर लघवी करून पुन्हा बघायला सांगा. फक्त योनीमार्गाची सोनोग्राफी केली तर वरचा भाग दिसत नाही, पोटावरूनही हवीच.

रिपोर्टात गाठीची तिन्ही मापं असतात. आत किती मावतं ते बघायला त्यांचा गुणाकार करून ०.५२ ने गुणा, उत्तर मिलिलिटरमध्ये येतं. २० × १८ × १६ सेंमी म्हणजे सुमारे तीन लिटर.

गाठ_शस्त्रक्रिया:
सीए-१२५ या रक्ततपासणीची गंमत सांगतो, अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेत ती करतात. ३५ पर्यंत नॉर्मल धरतात, पण पाळी, क्षयरोग, चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेली अंडाशयाची गाठ), कशानंही ते वाढतं. म्हणून एकटा आकडा बघत नाहीत. सोनोग्राफीचे गुण (अनेक कप्पे, घट्ट भाग अशी संशयाची खूण एकही नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३) गुणिले पाळीचे गुण (चालू असेल तर १, थांबली असेल तर ३) गुणिले सीए-१२५. पाळी चालू, फक्त अनेक कप्पे, सीए-१२५ चाळीस: १ × १ × ४० = ४०. पाळी गेलेली, कप्पे आणि घट्ट भाग दोन्ही: ३ × ३ × ४० = ३६०. रक्ताचा आकडा तोच, अर्थ वेगळा. २०० च्या पुढं गेलं की कॅन्सर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी पाठवतात. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला कॅन्सर हॉस्पिटल आहे. सिव्हिलमध्ये स्त्रीरोग विभागातून सुरुवात करता येते.

सुईनं पाणी काढून घेऊ नका, कुणी कितीही सोपं म्हणालं तरी. अस्तर तसंच राहतं, पाणी परत भरतं, आणि कॅन्सर असेल तर पेशी पोटभर सांडतात.

एकाएकी एका बाजूला असह्य कळ आणि उलट्या आल्या तर गाठीला पीळ पडला असू शकतो. त्यात अंडाशयाचा रक्तपुरवठा तुटतो. तेव्हा सकाळची वाट बघू नये, रात्रीच निघावं.

आरोग्यसेविका_पूर्वभाग:
आभारी आहे. घरी बघायचं कसं, तेवढं सांगा. आणि लग्न न झालेल्या मुलींचं काय? लोक लगेच भलतीच शंका घेतात.

ओपीडी_स्त्रीरोग:
त्या शंकेवर लघवीची गरोदरपणाची तपासणी पाच मिनिटांत पडदा टाकते, आणि ती तशीही आधी करतातच. गैरसमज जुना आहे. १८०९ साली अमेरिकेत डॉ. इफ्राइम मॅक्डॉवेल यांनी सुमारे १० किलोची गाठ काढली, त्या बाईला आधी जुळी आहेत असंच सांगितलं होतं. लग्न न झालेल्या मुलीची आतली तपासणी करायची गरज नसते. लघवी भरून पोटावरून केलेली सोनोग्राफी पुरते.

घरी असं करा. सकाळी लघवी करून, उपाशीपोटी, उताणं झोपून गुडघे दुमडायचे. बेंबीपासून खाली तळहात सपाट फिरवायचा. खालून वर आलेला गोल कठीणपणा लागला आणि त्याची खालची कड हाताला सापडत नसेल, तर तो ओटीपोटातून आलाय. पोटाचा घेर मोजायचा तो टेप बेंबीवरून धरून, श्वास सोडल्यावर, दर महिन्याला एकाच तारखेला. दाबून बघायचं नाही, मालिश तर मुळीच नाही.