संशोधन सोडून तपासणी-किटची कंपनी काढावी का? (गोव्यातून विचारतोय)

डिचोलीचा_पाऊस:

नमस्कार मंडळी. वय ३३, बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी., सध्या गोव्यातच एका संस्थेत पोस्टडॉक. लेप्टोस्पायरोसिससाठी (उंदरांच्या मुतातून पाण्यात-चिखलात पसरणारा ताप) एक पट्टी बनवली आहे, गरोदरपणाच्या चाचणीची असते तशीच. थेंबभर सीरम टाकायचं, १५ मिनिटांत रेघ. लागण झाल्यावर काही दिवसांनी रक्तात येणारी आयजीएम अँटिबॉडी पकडते. पेपर छापून आला. फ्रीझरमधले ८० नमुने तपासले, ४० लेप्टोचे आणि ४० निरोगी. दोन्हीकडे ३८ बरोबर, म्हणजे सेन्सिटिव्हिटी (आजारी ओळखणं) ९५ आणि स्पेसिफिसिटीही (निरोगी ओळखणं) ९५ टक्के.

फेलोशिप मार्चमध्ये संपते. गाईड म्हणतात कंपनी काढ, घरचे म्हणतात लेक्चररची जाहिरात बघ. आमच्याकडे पावसात शेतात उतरलेली माणसं तापाने आडवी होतात हे लहानपणापासून बघतोय, त्यामुळे पट्टी कपाटात पडून राहावी असं वाटत नाही. या वाटेने कोणी गेलंय का? पहिल्या वर्षात नेमकं काय करावं लागतं?

फोंड्याची_पट्टीवाली:

मी गेले आहे, नऊ वर्षं झाली, त्यामुळे थोडं लांबड लागेल. त्याआधी सहा वर्षं संशोधन. राजीनामा दिला तेव्हा आई म्हणाली, "एवढी डॉक्टर झालीस ती पट्ट्या विकायला?" तिचं काही चुकलं नव्हतं. आजही पट्ट्याच विकते, फक्त माझी स्क्रब टायफसची, रानातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाची.

आधी तुमच्या ८० नमुन्यांचं बघू. ते निरोगी ४० कोण? संस्थेतले विद्यार्थी ना? माझ्या पेपरात तेच होते. धडधाकट पोरांच्या रक्तात रेघ उमटली नाही याचं कौतुक रिव्ह्यूअरला असतं, डॉक्टरला नसतं. त्याच्याकडे निरोगी माणूस पट्टी मागायला येतच नाही. येतो तो डेंगीचा, टायफॉइडचा, मलेरियाचा, नाहीतर साधा व्हायरलचा. तुमची पट्टी त्यांच्या रक्तात गप्प बसते का, हा खरा प्रश्न. शिवाय ४० पैकी ३८ याला ९५ टक्के म्हणतात खरं, पण एवढ्याशा संख्येवर खरा आकडा साधारण ८३ ते ९९ मध्ये कुठेही असू शकतो. गुंतवणूकदाराने विचारायच्या आत हे स्वतःला विचारलेलं बरं.

मला हे शिकवलं फोंड्यातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी. मी मोठ्या ऐटीत ९५-९५ सांगितलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब मांडला. पावसाळ्यात माझ्याकडे तापाचे हजार आले, त्यात तुझ्या आजाराचे धर २०. तुझी पट्टी त्यातले १९ पकडते, शाबास. उरलेल्या ९८० मधल्या पाच टक्क्यांनाही ती 'आहे' म्हणणार, ते ४९. म्हणजे रेघ आलेले ६८, खरे १९. "मग बाय, बाकीच्या ४९ जणांना मी काय सांगू?" ती चिठ्ठी अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. मग आम्ही पट्टी कोणाला वापरायची तेच बदललं. सरसकट तापाला नाही, पाच-सहा दिवस उलटलेले, डेंगी-मलेरिया नसलेले, रानात किंवा शेतात जाणारे. पट्टी तीच, पण हजाराच्या जागी शंभर माणसं आली आणि त्यात खरे रुग्ण जास्त, त्यामुळे उत्तराला वजन आलं.

दुसरं म्हणजे आपली हवा. पट्टीतला पांढरा पडदा (मेंब्रेन) नायट्रोसेल्युलोजचा, त्याला ओल चालत नाही. पट्ट्यांची खोली सापेक्ष आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली ठेवायची आणि बाहेर जुलैत ९० च्या आसपास. पेपर लिहिताना मी पट्ट्या डेसिकेटरमधून (ओल शोषणारा बंद डबा) काढून लगेच वापरत होते, त्यामुळे हा प्रश्न कधी दिसलाच नाही. कंपनीच्या दुसऱ्या वर्षी चवथीला सगळे गावी गेलो. माटोळी, आरत्या, पाच दिवस कोणी फिरकलं नाही. डिह्युमिडिफायरची टाकी भरली आणि यंत्र आपोआप बंद पडलं. नळी लावून पाणी सरळ मोरीत सोडावं हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तिघांच्या मिळून दोन पीएच.डी. परत आलो तर सहा हजार पट्ट्यांची न कापलेली कार्डं ओल खाऊन बसलेली. रेघेला रंग देणारं लाल गोल्ड कॉन्जुगेट पॅडवरून नीट सुटेना, रेघ फिकट. सगळं टाकलं.

मेंब्रेनचंही तेच. रोल बदलला की वेग बदलतो. १४० सेकंदांत ४ सेंमी चढणारं पाणी नव्या लॉटमध्ये (कारखान्यातली नवी खेप) जरा लवकर चढलं की रेघेपाशी थांबायला अँटिबॉडीला वेळ कमी मिळतो. एकाच रोलवर केलेला पेपर म्हणजे एका रोलचा पेपर. निदान तीन लॉटवर करून बघा.

पेटंट. पेपर छापायच्या आधी अर्ज टाकला होता का? निदान प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता? टाकला असेल तर पूर्ण स्पेसिफिकेशनला त्या तारखेपासून १२ महिने. नसेल तर पेपरात जे आहे ते गेलं असं धरा आणि त्यानंतरची सुधारणा शोधा. माझं एका परिषदेतलं पोस्टर अर्जाच्या आधी लागलं होतं, आणि परीक्षकाने माझंच पोस्टर माझ्यापुढे धरलं. आपल्या कायद्यातलं कलम ३(आय) पण वाचून ठेवा, निदानाच्या पद्धतीला पेटंट नाही. किट, पट्टीची रचना, अभिकर्मक यावर मागावं लागतं. आणि मालक बहुधा तुमची संस्था असेल, तेव्हा लायसन्सचं बोलणं गाईड खुशीत आहेत तोवर उरकून घ्या.

परवान्यांवर फार लिहीत नाही. मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ वाचा. धोक्यानुसार वर्ग पाडलेत: क्लास ए आणि बी असेल तर राज्याचा परवाना, सी आणि डी असेल तर दिल्लीचा. विक्री दूरच, चाचणीपुरते नमुने बनवायलाही एमडी-१३ परवाना लागतो. आयएसओ १३४८५ ची (वैद्यकीय उपकरणांचं गुणवत्ता मानक) कागदपत्रं पहिल्या दिवसापासून लिहा, मागाहून लिहिणं म्हणजे मागच्या तीन वर्षांची डायरी एका रात्रीत लिहिणं. पैशांसाठी बायरॅकचं (केंद्र सरकारची जैवतंत्रज्ञान संस्था) बिग अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत. मिळतं हप्त्यांनी, टप्पा पुरा झाला की. तोवर घर कशावर चालणार ते ठरवा. माझे १४ लाख साठवलेले होते, सोळाव्या महिन्यात संपले.

राजीनामा आत्ताच देऊ नका. एक काम करा. २० पट्ट्या विकायच्या असल्यासारख्या पाऊचमध्ये, सिलिकाची पुडी घालून सील करा आणि घरी स्वयंपाकघरात ठेवा. २० डेसिकेटरमध्ये. दोन आठवड्यांनी दोन्ही चालवा आणि इथे येऊन सांगा.

म्हापसा_लॅब:

मी किट बनवत नाही, वापरतो. २२ वर्षं लॅब चालवतोय. ताईंनी सगळं सांगितलं, एक राहिलं. १५ मिनिटांनी वाचा असं तुम्ही छापता. आमच्याकडे सकाळी आठ ते दहा म्हणजे देवळातली जत्रा. मुलगी पट्टी लावते, तेवढ्यात फोन, मग उपाशीपोटी आलेला पेशंट ओरडतो, ती परत येते ४० मिनिटांनी. तेव्हा एक अगदी फिकट रेघ दिसते. आहे का नाही? तिने 'आहे' लिहिलं, डॉक्टरने मला झापलं. त्या कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की माहितीपत्रक वाचा. माहितीपत्रक कांद्याच्या सालीएवढ्या पातळ कागदावर, अक्षरं मुंगीएवढी.

दुसरं, लोक तापाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात. तेव्हा आयजीएम कुठून असणार? पट्टी निगेटिव्ह, माणूस घरी, आणि सातव्या दिवशी डोळे पिवळे. पहिल्या आठवड्यात पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी) हे आम्हाला माहीत आहे, पण खोक्यावर मोठ्या अक्षरांत तुम्ही लिहाल का? विक्रीवाले लिहू देणार नाहीत, बघा.

झुआरीपलीकडचा:

माझं मत वेगळं. कंपनी काढूच नका, निदान दोन वर्षं तरी. गोव्यात या धंद्याची माणसं आहेत याचा फायदा घ्या. तपासणी-किट बनवणाऱ्या ट्यूलिपसारखं नाव गोव्याचंच. ट्रूनॅट बनवणारी मोलबायो इथलीच. चिपवर, बॅटरीवर चालणारं पीसीआर, तासाभरात निकाल, आणि २०२० मध्ये क्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. आपण तोंड वर करून बंगळूर-हैदराबादकडे बघतो आणि हे वेर्ण्याच्या रस्त्यावर. अशा ठिकाणी क्यूसी (गुणवत्ता तपासणी) किंवा प्रॉडक्शनमध्ये नोकरी धरा. पगार घेत चुका शिका, स्वतःच्या १४ लाखांत कशाला? अर्थात आधी करारातलं बौद्धिक संपदेचं कलम वाचा, नाहीतर रात्री घरी सुचलेलंही त्यांचं होईल.

फोंड्याची_पट्टीवाली:

झुआरीवाल्यांचं पटतं. मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

म्हापशाच्या सरांना: खोक्यावर लिहिलंय. 'ताप पाच दिवसांहून कमी असेल तर निगेटिव्हवर विसंबू नका', मराठीत आणि कोंकणीत. विक्रीवाल्याशी त्यावरून महिनाभर अबोला होता. फिकट रेघेवर मात्र माझ्याकडे अजून पक्कं उत्तर नाही. सध्या खोक्यात दहा रुपयांचं टायमर घालतो. मुलं ते घरी खेळायला नेतात असं कळलंय.

डिचोलीचा_पाऊस: (१६ दिवसांनी)

सगळ्यांचे आभार. निरोगी ४० मधले ३१ आमच्याच संस्थेचे विद्यार्थी निघाले, उरलेले रक्तदाते. प्रोव्हिजनल पेपरच्या दोन महिने आधी टाकलेलं होतं, ते गाईडचे उपकार. पूर्ण अर्जाला आता पाच महिने आहेत.

पट्ट्या चालवल्या. डेसिकेटरमधल्या २० च्या २० ठीक. आईच्या स्वयंपाकघरातल्या २० पैकी सातांत कंट्रोल लाइनच (पट्टी नीट चालली हे दाखवणारी रेघ) आली नाही. ते सात पाऊच पाण्यात दाबून बघितले तर पाचांतून बुडबुडे आले, सगळे सीलच्या उजव्या कोपऱ्यातून. आमचा हाताने दाबायचा सीलर त्या बाजूला नीट तापतच नाही. उरलेल्या दोनांतून बुडबुडे नाहीत, तरी पट्ट्या गेल्या. त्या दोनांचं कारण शोधतोय. ताई, तुमच्याकडे सीलर कोणता?